सिलिकॉन फोटॉनिक स्फटिक तरंगमार्गदर्शक

सिलिकॉनच्या अतिपातळ थरात ठरावीक अंतराने गोल भोके पाडायची आणि त्यांतली एक ओळ मुद्दाम कोरी सोडायची. या कोऱ्या पट्टीतून अवरक्त प्रकाश पुढे सरकतो, दोन्ही बाजूंच्या भोकांच्या जाळीत मात्र त्याला शिरता येत नाही. अशा रचनेला फोटॉनिक स्फटिक तरंगमार्गदर्शक किंवा वेव्हगाइड म्हणतात. दूरसंचारात रूढ असलेल्या १५५० नॅनोमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीसाठी थराची जाडी साधारण २२० नॅनोमीटर, शेजारच्या दोन भोकांच्या केंद्रांतले अंतर सुमारे ४०० नॅनोमीटर आणि भोकाचा व्यास त्याच्या निम्म्याहून थोडा जास्त असतो.

प्रकाश दोन वेगळ्या कारणांनी अडतो. आडव्या दिशेत प्रत्येक भोकावरून त्याचा थोडा अंश परततो. भोकांमधले अंतर नेमके असेल, तर या परतलेल्या लहरी एकमेकींना बळ देतात आणि तरंगलांबीच्या एका पट्ट्यात प्रकाशाला जाळीतून वाटच उरत नाही. हा पट्टा म्हणजे फोटॉनिक बँडगॅप. उभ्या दिशेत जाळी नसते. तिथे नेहमीचे पूर्ण आंतरिक परावर्तन काम करते. सिलिकॉनचा अपवर्तनांक सुमारे ३.५ आणि वर-खालच्या हवेचा १, त्यामुळे प्रकाश थरातच राहतो. ही अर्धी-अर्धी व्यवस्था पूर्ण सुरक्षित नाही: काही तरंगलांब्यांना उभ्या दिशेने गळती लागते, शिवाय भोकांच्या जाळीतला बँडगॅप मुख्यतः एकाच ध्रुवणाच्या (म्हणजे एकाच दिशेत कंप पावणाऱ्या) प्रकाशाला लागू पडतो.

एकाआड एक थरांच्या चळतीतून ठरावीक रंग पूर्ण परावर्तित होतात, हे लॉर्ड रॅले यांनी १८८७ मध्येच दाखवले होते. निसर्गाने तर ही युक्ती कधीच वापरली आहे. मोराच्या पिसांतले रंग मेलॅनिनच्या सूक्ष्म कांड्यांच्या नियमित जाळीतून येतात. बँडगॅपची आधुनिक कल्पना मात्र १९८७ ची. अमेरिकेत एली याब्लोनोविच आणि केरळात जन्मलेले सजीव जॉन यांनी ती त्या वर्षी स्वतंत्रपणे मांडली. पहिल्याला अर्धवाहकातले आपोआप होणारे प्रकाश-उत्सर्जन थोपवायचे होते, दुसऱ्याला प्रकाश एका जागी कोंडायचा होता. माहिती वाहून नेणाऱ्या चिपचा विचार दोघांच्याही डोक्यात मुख्य नव्हता.

तरंगमार्गदर्शकाकडे लक्ष वळले ते वळणांमुळे. ९० अंशांच्या काटकोनी वळणातूनही प्रकाश जवळजवळ पूर्ण पार होऊ शकतो, असे एमआयटीच्या गटाने १९९६ मध्ये गणिताने दाखवले आणि मोठी आशा निर्माण झाली. ती फार टिकली नाही. भोके नसलेली साधी सिलिकॉनची तार काही मायक्रोमीटर त्रिज्येत फारसे नुकसान न होता वळवता येते, असे लक्षात आल्यावर एवढ्या नाजूक जाळीची गरज कोणाला?

जाळीला खरे महत्त्व आले ते मंद प्रकाशामुळे. बँडगॅपच्या काठाजवळ पुढे जाणारी आणि मागे परतणारी लहर एकमेकींत इतक्या गुंततात, की ऊर्जा जेमतेम पुढे सरकते. जपानमध्ये एनटीटी या दूरसंचार कंपनीच्या मासाया नोटोमी आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रकाशाचा गटवेग (स्पंद पुढे सरकण्याचा वेग) निर्वातातल्या वेगाच्या सुमारे नव्वदाव्या भागापर्यंत उतरल्याचे मोजले. २००५ मध्ये आयबीएमच्या युरी व्लासोव्ह यांच्या गटाने तीनशे पटींहून अधिक मंदावलेला प्रकाश दाखवला, आणि चिपवरच्या सूक्ष्म हीटरने तो वेग कमी-जास्तही केला.

प्रकाश रेंगाळला की पदार्थाशी त्याचा संबंध वाढतो आणि तेवढेच काम कमी लांबीत होते. विद्युत संकेत प्रकाशावर चढवणाऱ्या साध्या सिलिकॉन मॉड्युलेटरला कित्येकदा मिलिमीटरभर लांबी लागते. मंद प्रकाशावर चालणारा शे-दोनशे मायक्रोमीटरांत भागवतो. २००९ मध्ये सिडनी आणि सेंट अँड्र्यूज इथल्या संशोधकांनी अशाच मार्गात अवरक्त स्पंद सोडून त्याची वारंवारता तिप्पट केली, तेव्हा चिपमधून डोळ्यांना दिसणारा हिरवा प्रकाश बाहेर पडला.

मात्र ज्या गुणासाठी ही रचना वापरायची, तोच तिच्या मुळावर उठतो. भोकांच्या कडेला एक-दोन नॅनोमीटरचा खडबडीतपणा राहतोच. रेंगाळणारा प्रकाश त्यावर जास्त विखुरतो आणि मागे परतणारा अंश मंदपणाच्या ढोबळमानाने वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शिवाय काठाजवळ प्रत्येक तरंगलांबीचा वेग वेगळा, त्यामुळे स्पंद पसरतात. मार्गालगतच्या पहिल्या दोन ओळींतली भोके काही दशक नॅनोमीटर सरकवली की वेग एका पट्ट्यात जवळपास एकसारखा ठेवता येतो. मात्र प्रकाश जितका मंद, तितका हा पट्टा अरुंद, त्यामुळे व्यवहारात तीनशेपटीच्या विक्रमाऐवजी माफक मंदपणावरच समाधान मानतात.

बनावटही कटकटीची आहे. इलेक्ट्रॉन शलाकेने किंवा अतिनील प्रकाशाने नक्षी उमटवतात, प्लाझ्माने भोके कोरतात आणि बऱ्याचदा खालचे सिलिकॉन डायऑक्साइड हायड्रोफ्लोरिक आम्लाने विरघळवून थर अधांतरी ठेवतात. असा अधांतरी थर नाजूक असतो आणि उष्णताही नीट बाहेर टाकत नाही. डेटा सेंटरमधल्या सिलिकॉन चिपांत साधी तार सर्रास दिसते आणि हे मार्ग क्वचितच, त्यामागे ही मोठी कारणे आहेत.

मार्गाऐवजी प्रकाशासाठी सापळा हवा असेल, तर मात्र जाळीला तोड सापडणे कठीण. क्योटो विद्यापीठात सुसुमु नोदा यांच्या गटाने २००३ मध्ये तीन भोके न पाडता पोकळी (प्रकाश कोंडून ठेवणारी जागा) केली आणि तिच्या टोकांची भोके किंचित सरकवली; तिचा गुणवत्तांक, म्हणजे प्रकाश किती काळ टिकतो याचे माप, ४५,००० भरला. पुढे तो कोटीच्या वर गेला. अशाच पोकळीत २०१३ मध्ये सुमारे एक मायक्रोवॅट शक्तीवर सुरू होणारा, रामन परिणामावर चालणारा सिलिकॉनचा लेझर साधला. पोकळीच्या भोकांत शिरलेल्या द्रवाचा किंवा वायूचा अपवर्तनांक बदलला, की तिची तरंगलांबी सरकते. संवेदक याच तत्त्वावर चालतात.

योकोहामा राष्ट्रीय विद्यापीठात तोशिहिको बाबा यांनी गळतीचाच उपयोग करून घेतला. मंद प्रकाशाच्या मार्गात भोकांच्या आकाराची दुसरी आवर्तता घातली, की प्रकाश ठरावीक कोनात वर सुटतो. तरंगलांबी किंवा तापमान थोडे बदलले, तरी हा कोन बराच फिरतो. कोणताही भाग न हलवता परिसर न्याहाळणाऱ्या लायडार (प्रकाशाने अंतर मोजणाऱ्या) चिपसाठी ही पद्धत वापरतात, आणि समोरच्या वस्तूवरून परतलेला प्रकाश त्याच मार्गाने आत घेता येतो.