ब्लॉकेजमधल्या पांढऱ्या पेशी

‘पण त्यांचं कोलेस्टेरॉल तर नॉर्मल होतं!’ अँजिओग्राफीच्या खोलीबाहेर हे वाक्य वारंवार ऐकू येतं. बोलणाऱ्याच्या मनात नळात साचणाऱ्या क्षाराचं चित्र असतं. खरं तर रोहिणीच्या, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीच्या, भिंतीत ब्लॉकेज करणाऱ्या गाठीत चरबीइतक्याच महत्त्वाच्या असतात जिवंत पेशी, आणि त्यांतल्या कितीतरी आपल्याच रोगप्रतिकारक यंत्रणेच्या, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी. सूक्ष्मदर्शकाखाली त्या एकोणिसाव्या शतकापासून दिसत होत्या. त्या तिथे सफाईला आल्यात की घर पोखरायला, हा वाद मात्र शंभर वर्षांहून जास्त चालला.

१८५६ च्या सुमारास जर्मनीत विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांनी या विकाराला रोहिणीच्या आतल्या अस्तराचा दाह (इन्फ्लमेशन) म्हटलं. व्हिएन्नाचे रोकिटान्स्की यांना ते मान्य नव्हतं. रक्तातलेच घटक भिंतीवर साचतात आणि दाह झालाच तर मागाहून होतो, असं त्यांचं म्हणणं.

मग १९१३ मध्ये सेंट पीटर्सबर्गला निकोलाय अनिच्कोव्ह आणि खलातोव्ह यांनी सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेलं कोलेस्टेरॉल सशांना खाऊ घातलं. सशांच्या महारोहिणीत माणसासारख्याच गाठी झाल्या. त्या गाठींत फुगलेल्या पेशी होत्या. काचपट्टी तयार करताना पेशीतली चरबी विरघळून जाते आणि मागे नुसत्या पोकळ्या उरतात. साबणाचा फेस जवळून पाहावा तशी ती पेशी दिसते, म्हणून नाव पडलं फेसपेशी. या पेशी पांढऱ्या पेशींपासून झाल्या आहेत, हे अनिच्कोव्ह यांनी ओळखलं होतं. जगाने त्यांच्या प्रयोगातलं कोलेस्टेरॉल तेवढं उचललं. ते चूक नव्हतं, पण अर्धी गोष्ट मागे राहिली याची मला हळहळ वाटते.

१९७९ मध्ये अमेरिकेतले ब्राउन आणि गोल्डस्टीन यांनी दाखवलं की मॅक्रोफेज म्हणजे भक्षक पेशी साधं एलडीएल, म्हणजे ज्याला ‘वाईट कोलेस्टेरॉल’ म्हणतात ते, फारसं घेत नाहीत, पण त्यात रासायनिक बदल झाला की ते अधाशासारखं गिळतात. पोट भरलं तरी तोंड मिटत नाही. पुढच्या दशकात स्वीडनमध्ये योरान हान्सन यांच्या गटाला माणसाच्या गाठींत टी-पेशीही, म्हणजे रोगप्रतिकाराची लढाई चालवणाऱ्या पांढऱ्या पेशी, सापडल्या. आता हे नुसतं सफाईचं काम राहिलं नव्हतं. भिंतीत रीतसर लढाई पेटलेली होती. या लढाईतच मॅक्रोफेज अशी विकरं (एन्झाइम) सोडतात की गाठीवरचं तंतुमय आवरण झिजतं. ते फाटलं की रक्ताची गुठळी होते आणि हृदयविकाराचा झटका येतो. म्हणूनच कालपर्यंत चालता-फिरता असलेला माणूस अचानक कोसळतो.

१९९५ च्या सुमारास उंदरांवर एक प्रयोग झाला. मॅक्रोफेज तयार होण्यासाठी लागणारं प्रथिन नसलेल्या उंदरांचं कोलेस्टेरॉल उलट वाढलं, तरी त्यांच्या गाठी मात्र लहान राहिल्या. मला हा पुरावा सगळ्यात बोलका वाटतो. पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे.

माणसातला पुरावा २०१७ मध्ये मिळाला. अमेरिकेतले हृदयरोग-संशोधक पॉल रिडकर यांच्या कँटोस नावाच्या चाचणीत, आधी झटका येऊन गेलेल्या १०,०६१ रुग्णांमध्ये कॅनाकिनुमॅब हे इंजेक्शन तपासलं गेलं. ते इंटरल्युकिन-१ बीटा हा दाहाचा संदेश अडवतं, एलडीएलला हात लावत नाही. तरी १५० मिलिग्रॅमच्या मात्रेने झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण १५ टक्क्यांनी घटलं. मात्र जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले. पहारेकऱ्यांचे हात बांधले की चोरांचं फावतं.

म्हणून नजर वळली एका जुन्या, स्वस्त औषधाकडे: कोल्चिसिन, गाउट या सांधेदुखीच्या रुग्णांना ठाऊक असलेलं. पांढऱ्या पेशींची हालचाल ते मंदावतं. पावसाळ्यात सह्याद्रीत लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी पाहिली असेल, तिच्या बियांत आणि कंदात हेच द्रव्य असतं. ती जहाल विषारी आहे. कुणाच्या सांगण्यावरून तिचा कंद उगाळून घेऊ नका, जीव जाऊ शकतो. औषधाच्या अगदी लहान मात्रेने, रोज ०.५ मिलिग्रॅम, प्रकृती स्थिर असलेल्या हृदयरुग्णांमध्ये २०२० च्या चाचणीत झटक्यासारख्या घटनांचा धोका ३१ टक्क्यांनी उतरला आणि २०२३ मध्ये अमेरिकेत त्याला यासाठी परवानगी मिळाली. २०२४ मध्ये मात्र झटक्यानंतर लगेच हे औषध दिलेल्या मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही. कुठल्या पेशी, कुठल्या वेळी शांत करायच्या, यावर आता काम चालू आहे.