गाऊट आणि मानसिक आरोग्य : लिथियममार्गे आलेला संबंध

गाऊटमध्ये, म्हणजे युरिक अ‍ॅसिडचे खडे सांध्यात साचून होणाऱ्या दुखण्यात, वाढलेले युरिक अ‍ॅसिड डोक्यावरही परिणाम करते, खिन्नता आणि उन्माद हीसुद्धा त्याचीच रूपे, असे एकोणिसाव्या शतकातले अनेक युरोपीय डॉक्टर मानत. लिथियम या धातूच्या क्षारांत युरिक अ‍ॅसिड विरघळते म्हणून गाऊटवर लिथियम दिले जाई. डेन्मार्कमधल्या एका डॉक्टरने १८८६ मध्ये पुन्हा पुन्हा येणाऱ्या खिन्नतेवरही तेच सुचवले. पण माणसाला सोसेल एवढ्या मात्रेत सांध्यातले खडे विरघळत नाहीत, हे कळल्यावर ही उपचारपद्धती मागे पडली.

१९४० च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियातल्या एका मानसोपचारतज्ज्ञाने वेगळ्याच कारणाने लिथियम हाती घेतले. उन्मादाच्या रुग्णांच्या लघवीतले विष शोधताना त्याला युरिक अ‍ॅसिडचा परिणाम तपासायचा होता. ते पाण्यात नीट विरघळेना, म्हणून त्याने लिथियम युरेट हा त्याचा विरघळणारा क्षार निवडला. पुढे लिथियम कार्बोनेट टोचल्यावर गिनिपिग इतके मंद झाले की उताणे ठेवले तरी धडपडत नव्हते. हा गुण लिथियमचा, असे त्याने ताडले आणि उन्मादाच्या दहा रुग्णांना ते दिले. रुग्ण सुधारले. गिनिपिगची ती मंदता बहुधा विषबाधेचीच होती, हा आक्षेप आजही घेतला जातो आणि तो रास्त आहे. पहिला रुग्ण कामावर परतला, पण १९५० मध्ये लिथियमच्या विषबाधेने दगावला. अमेरिकेत मिठाऐवजी विकल्या जाणाऱ्या लिथियम क्लोराइडने १९४९ मध्येच बळी घेतले होते. तिथे लिथियमला उन्मादासाठी मान्यता मिळायला १९७० उजाडले. रक्तातली पातळी मोजायची सोय नसताना घाई झाली असती तर आणखी माणसे गेली असती. तरीही इतका विलंब रुग्णांना महागात पडला, असे माझे मत आहे.

दरम्यान १९६० च्या दशकात गाऊटसाठी अ‍ॅलोप्युरिनॉल हे युरिक अ‍ॅसिड कमी करणारे औषध आले. उन्मादावर जोडऔषध म्हणूनही त्याच्या चाचण्या झाल्या. निष्कर्ष एकमेकांशी जुळले नाहीत.

अलीकडे, फार उशिरा, रुग्णाच्या मनाकडे लक्ष गेले. गाऊटच्या रुग्णांत नैराश्य जास्त आढळते, असे मोठ्या पाहण्यांत दिसले आहे. अंगठ्यावर चादरीचा स्पर्शही सहन न होणाऱ्या रात्री, हुकलेली कामे आणि ‘खाण्यापिण्याचे चोचले’ हा शेजाऱ्यापाजाऱ्यांचा ठपका, हे सगळे त्यामागे असू शकते. गाऊटच्या झटक्यासाठी दिलेल्या स्टेरॉइडने झोप आणि मनःस्थिती बिघडू शकते. लिथियम घेणाऱ्याला गाऊटसाठी आयब्युप्रोफेन किंवा इंडोमेथासिन यांसारखे वेदनाशामक दिले तर रक्तातले लिथियम धोकादायक पातळीपर्यंत चढू शकते. म्हणून लिथियम चालू असल्याचे सांध्यांच्या डॉक्टरांना आधी सांगावे लागते.