सांगोल्याचे अकरा विजय : गणपतराव देशमुख यांच्या कारकिर्दीची पार्श्वभूमी

सोलापूर जिल्ह्यातील सांगोला मतदारसंघातून गणपतराव देशमुख अकरा वेळा विधानसभेवर निवडून गेले, आणि तेही सदैव शेतकरी कामगार पक्षाच्या उमेदवारीवर. हा देशातील विक्रम असल्याचे अनेकदा छापून येते. ते बरोबर नाही. तमिळनाडूत करुणानिधी आणि केरळात के. एम. मणी हे तेरा वेळा निवडून आले होते. महाराष्ट्रात मात्र या आकड्याला जोड नाही, आणि माझ्या मते आकड्यापेक्षाही महत्त्वाचे हे की तो ओसरत चाललेल्या पक्षात राहून गाठलेला आहे.

शेतकरी कामगार पक्ष १९४७-४८च्या सुमारास काँग्रेसमधील असंतुष्ट बहुजन नेत्यांनी उभा केला; केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे हे त्याचे अग्रणी. पण पुढच्या काही वर्षांतच खुद्द जेधे, मोरे काँग्रेसमध्ये परतले आणि यशवंतराव चव्हाणांच्या काळात हा ओघ वाढतच गेला. पक्षाचा जोर मग रायगड, मराठवाड्यातील काही भाग आणि सांगोल्यासारख्या मोजक्या ठिकाणी उरला. वकिलीचे शिक्षण घेतलेले, १९२६ साली जन्मलेले गणपतराव १९६२ मध्ये पहिल्यांदा आमदार झाले ते या पडझडीच्या काळात.

त्यांची वाट निर्वेध होती असे समजणे चुकीचे ठरेल. १९७२ मध्ये त्यांचा पराभव झाला. १९७४च्या पोटनिवडणुकीत ते परत आले. १९९५ मध्ये शहाजीबापू पाटील यांनी त्यांना दोनशेहूनही कमी मतांनी हरवले, आणि १९९९ मध्ये त्यांनी ती जागा पुन्हा मिळवली. हे दोन खंड सोडले तर सुमारे पन्नास वर्षे ते सभागृहात होते. त्यांतला बहुतेक काळ विरोधी बाकांवर गेला; आणीबाणीनंतर काही महिने ते विरोधी पक्षनेतेही होते. मंत्रिपद दोनदाच वाट्याला आले : १९७८ मध्ये शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि १९९९ मध्ये विलासराव देशमुखांच्या आघाडी सरकारात, ज्याचा पाठिंबा त्यांच्या पक्षाने २००२ मध्ये काढून घेतला.

सत्तेबाहेरच्या आमदाराला लोक इतकी वर्षे का निवडून देत राहिले, याचे उत्तर सांगोल्याच्या जमिनीत शोधावे लागते. हा माणदेशाला लागून असलेला पर्जन्यछायेचा तालुका. माण नदी वर्षातला बराच काळ कोरडी, त्यामुळे इथल्या राजकारणाचा मूळ प्रश्न पाणी हाच राहिला. कृष्णेच्या पाण्यातील महाराष्ट्राचा वाटा बच्छावत लवादाने १९७०च्या दशकात ठरवून दिला, परंतु ते पाणी उंचावरच्या दुष्काळी तालुक्यांत उपसून आणण्याच्या योजना पैशाअभावी रखडत गेल्या. १९९३ पासून क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने आटपाडीत तेरा दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा भरू लागल्या. समन्यायी पाणीवाटपाच्या त्या चळवळीत गणपतराव अण्णांच्या बरोबरीने उभे राहिले. टेंभू, म्हैसाळ यांसारख्या उपसा योजनांसाठी जो दबाव निर्माण झाला, त्यामागे सभागृहातील प्रश्नांइतकीच या मोर्चांची आणि परिषदांची ताकद होती.

दुसरी बाजू सहकाराची. कापसाचा पट्टा नसलेल्या सांगोल्यात त्यांनी शेतकरी सहकारी सूतगिरणी उभी केली, आणि राज्यातील अनेक गिरण्या तोट्यात बुडत असताना ती नीट चालवून दाखवली. तालुक्यातल्या मुलामुलींना गावाजवळ काम मिळाले, हे दुष्काळी भागात लहान गोष्ट नव्हे. लोक त्यांना ‘आबासाहेब’ म्हणत. आमदार असूनही ते एसटीने प्रवास करीत, आणि बसस्थानकावर भेटलेल्या माणसाचे गाऱ्हाणे तिथेच ऐकले जाई.

२०१४ मध्ये, वयाच्या ८८व्या वर्षी, त्यांनी अकरावी निवडणूक जिंकली. २०१९ मध्ये ते स्वतः उभे राहिले नाहीत; नातू अनिकेत यांना उमेदवारी मिळाली आणि ते शहाजीबापू पाटलांकडून हजारापेक्षा कमी मतांनी पराभूत झाले. ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात गणपतरावांचे निधन झाले. २०२४ मध्ये त्यांचे दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांनी सांगोल्याची जागा शेतकरी कामगार पक्षाकडे परत आणली.