वय कोणत्या तारखेला मोजतात? मतदार नोंदणी आणि उमेदवारीसाठी वयाचे नियम

मतदानाच्या दिवशी १८ वर्षे पूर्ण असतात, हातात आधार कार्ड असते, तरी यादीत नाव नाही म्हणून केंद्रावरून परत फिरावे लागते. प्रत्येक निवडणुकीत असे तरुण भेटतात आणि दर वेळी वाईट वाटते, कारण त्यांची चूक एवढीच की वय मोजण्याची तारीख मतदानाच्या कितीतरी आधी ठरलेली असते, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते.

मतदानाचे वय पूर्वी २१ होते. ६१व्या घटनादुरुस्तीने ते २८ मार्च १९८९पासून १८ झाले. नोंदणीसाठी मात्र पुढेही १ जानेवारी ही एकच अर्हता तारीख (वय मोजण्याची तारीख) होती, त्यामुळे २ जानेवारीला जन्मलेल्यांना जवळजवळ वर्षभर थांबावे लागे. ऑगस्ट २०२२पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत. यांपैकी ज्या तारखेला १८ वर्षे पूर्ण होतात, त्या तिमाहीत नाव लागते. १७ पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्जही करता येतो. बारावीत असतानाच तो भरून टाकावा, असा माझा आग्रह आहे.

नव्या नावासाठी नमुना ६ लागतो. तो निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर किंवा ॲपवर भरता येतो, नाहीतर आपल्या भागातील बीएलओकडे (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे) द्यावा. बीएलओ कोण हे माहीत नसेल तर १९५० या क्रमांकावर विचारावे. सोबत फोटो, वयाचा एक पुरावा (जन्म दाखला, आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट किंवा जन्मतारीख असलेले दहावी-बारावीचे प्रमाणपत्र) आणि पत्त्याचा एक पुरावा जोडायचा. पत्त्यासाठी आधार, पासपोर्ट, बँकेचे चालू पासबुक, वीज-पाणी-गॅसचे बिल किंवा नोंदणीकृत भाडेकरार चालतो. अर्ज केल्यावर मिळणारा संदर्भ क्रमांक जपून ठेवा. बीएलओ पडताळणी करतो आणि निर्णय मतदार नोंदणी अधिकारी देतो. अर्ज नाकारला गेला तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येते.

निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे : उमेदवारी अर्जाची मुदत संपली की त्या निवडणुकीसाठी यादीत नवे नाव घालता येत नाही. शिवाय प्रत्येक अर्जावर हरकतींसाठी सात दिवस जातात. म्हणून निदान दहा दिवस आधी तरी अर्ज पोहोचायला हवा.

ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगरपालिका, महापालिका या निवडणुकांचे गणित आणखी वेगळे. राज्य निवडणूक आयोग वेगळी नोंदणी करत नाही. विधानसभेची एका ठरलेल्या दिवसाची यादी घेऊन तिचीच प्रभागवार विभागणी करतो. महाराष्ट्रात २०२५ मध्ये सुरू झालेल्या स्थानिक निवडणुकांसाठी १ जुलै २०२५ची यादी धरली गेली. त्यानंतर १८ वर्षांचे झालेले मतदार बाहेर राहिले. मतदान इतके पुढे असताना हे अन्यायाचेच आहे, असे मला वाटते. पण नियम बदलेपर्यंत लवकर नोंदणी हाच उपाय.

वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्यांना दोन पर्याय असतात. गावचे नाव कायम ठेवता येते किंवा प्राचार्यांचे प्रमाणपत्र जोडून शहरात नोंदणी करता येते. दोन्हीकडे नाव ठेवणे बेकायदा आहे, आणि अर्जात खोटी माहिती दिल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. नाव हलवायचे असेल तर नमुना ८ भरावा. पण गावात सदस्य किंवा सरपंच म्हणून उभे राहण्याचा विचार असेल तर नाव हलवू नका. ग्रामपंचायत लढवायला त्याच गावच्या यादीत नाव लागते.

उमेदवारीचे वय पदानुसार बदलते. स्थानिक संस्थांसाठी २१, विधानसभा-लोकसभेसाठी २५, विधान परिषद-राज्यसभेसाठी ३०, राष्ट्रपतिपदासाठी ३५. विधानसभा आणि लोकसभेला हे वय अर्ज छाननीच्या दिवशी पूर्ण असावे लागते. लोकसभेसाठी देशात कुठेही मतदार असले तरी चालते, विधानसभेसाठी त्याच राज्यात. ग्रामपंचायतीला आणखी एक अट आहे. १ जानेवारी १९९५ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या उमेदवाराला सातवी उत्तीर्ण असल्याचा दाखला द्यावा लागतो. राखीव जागेसाठी जात प्रमाणपत्र आणि पडताळणीचे कागद आधीच हाताशी ठेवावेत.

सगळ्यात जास्त घात होतो तो जन्मतारखेच्या घोळाने. उत्तर प्रदेशातील स्वार मतदारसंघातून २०१७ मध्ये निवडून आलेले अब्दुल्ला आझम खान यांच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर १ जानेवारी १९९३ ही तारीख होती, तर नंतर काढलेल्या जन्म दाखल्यावर ३० सप्टेंबर १९९०. अलाहाबाद उच्च न्यायालयाने शाळेची तारीख ग्राह्य धरली, २५ वर्षे पूर्ण नसल्याने डिसेंबर २०१९ मध्ये निवड रद्द केली, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये तो निकाल कायम ठेवला. दाखला, शाळेची नोंद, आधार आणि मतदार यादी यांतील तारीख जुळत नसेल तर दुरुस्ती आताच सुरू करा. यादीतली चूक नमुना ८नेच सुधारते.

निवडून येण्याच्या कुठल्याही पदाला वयाची वरची मर्यादा नाही. घरातील आजी-आजोबांनी ८५ ओलांडली असेल तर लोकसभा-विधानसभेला त्यांना घरून मतदान करता येते. त्यासाठी निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत नमुना १२-ड भरून द्यायचा असतो. बीएलओ तो घरी आणून देतो.