तोळाभर सोने आणि देशाचे भांडवल

कापसाचा पैसा हाती आला की खान्देशातली बरीच घरे आधी सराफाकडे वळतात. जळगावला सुवर्णनगरी म्हणतात ते उगाच नाही. घराच्या दृष्टीने तोळाभर सोने ही बचत. देशाच्या हिशेबात मात्र ते भांडवल नव्हे. भांडवल म्हणजे ज्यातून पुढचे उत्पादन निघते ते: जिनिंगचे यंत्र, ठिबकची नळी, केळीचे शीतगृह. त्यात भारत आपले बहुतेक सोने आयात करतो, म्हणजे त्या तोळ्यामागे डॉलर बाहेर गेले ते वेगळेच.

विकसनशील देशाच्या वाढीचा कच्चा हिशेब हॅरॉड आणि डोमार या अर्थतज्ज्ञांच्या सूत्रावरून मांडतात. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ३० टक्के रक्कम गुंतवली आणि वर्षाला एक रुपया जादा उत्पादन काढायला ५ रुपयांचे भांडवल लागत असेल, तर वाढीचा दर ३० भागिले ५, म्हणजे ६ टक्के. खरी गोम त्या पाचात आहे. धरण बांधून झाले पण पाटचाऱ्या अर्धवट राहिल्या, तर पैसा अडकतो, व्याज चालू राहते आणि शेतात पाणी येत नाही. असे प्रकल्प वाढले की पाचाचे सहा होतात आणि तेवढीच गुंतवणूक असूनही वाढ ५ टक्क्यांवर येते. ‘पैसा नाही’ ही तक्रार त्यामुळे अनेकदा अर्धीच खरी असते.

घरची बचत पुरत नाही तेव्हा बाहेरचे भांडवल आणतात. परदेशी कंपनीने कारखाना काढला तर तोटाही तिचाच; कर्जाचा हप्ता मात्र पाऊस पडो न पडो, भरावाच लागतो. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे. त्याला जर्मनीच्या केएफडब्ल्यू या विकास बँकेने कर्ज दिले. अशा बँकांच्या कर्जाची मुदत लांब असते आणि व्याजही बेताचे. पण वीज विकली जाते रुपयात, आणि परदेशी कर्ज सहसा फेडावे लागते परकी चलनात. २०११ च्या मध्याला डॉलर ४५ रुपयांच्या आसपास होता. ऑगस्ट २०१३ च्या अखेरीस तो ६८ च्या घरात गेला. ४५ च्या भावाने घेतलेले १० लाख डॉलरचे कर्ज म्हणजे साडेचार कोटी रुपये. दोन वर्षांनी तेच मुद्दल ६.८ कोटींचे झाले, नवा छदामही न घेता. डॉलरचा भाव आधीच ठरवून ठेवणारे वायदे करार करता येतात, पण त्यांचा खर्च स्वस्त व्याजातला बराचसा फायदा गिळतो.

चलनाइतकीच मुदतही नडते. थायलंडमधल्या बँकांनी आणि वित्त कंपन्यांनी अल्पमुदतीची डॉलर-कर्जे उचलली आणि पैसा इमारतींत घातला. जुलै १९९७ मध्ये सरकारला बाह्त या आपल्या चलनाचा डॉलरशी बांधून ठेवलेला भाव सोडावा लागला, आणि २५ बाह्तचा डॉलर जानेवारी १९९८ मध्ये ५० च्या पुढे पोचला. सावकार परत मागत होता, इमारती मात्र विकल्या जात नव्हत्या. रावेर-यावलच्या केळीवाल्याला हे गणित समजावून सांगायला नको. वर्षभराचे सोनेतारण कर्ज केळीला चालते, कारण ११-१२ महिन्यांत घड कापणीला येतात. त्याच कर्जावर शीतगृह काढले, तर मुदत संपेल तेव्हा जेमतेम भिंती उभ्या असतील.

सोनेतारणामुळे तिजोरीतला तोळाही भांडवल होऊ शकतो, अर्थात कर्जाचा पैसा लग्नाच्या मांडवात न जाता ठिबकमध्ये गेला तर. देशानेही एकदा सोने तारण ठेवले. जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे ठेवून जवळपास ४० कोटी डॉलर उभे केले. त्यातून कारखाना उभा राहिला नाही. परकीय चलनाची गंगाजळी आटली होती आणि परदेशी देणी वेळेवर भागवायची होती.