पोटरी नावाचा पंप आणि पुणे-नागपूर बस

आत्या पहिल्यांदाच अमेरिकेला निघाली होती. मुंबई ते नेवार्क, एका दमात पंधरा-सोळा तास. आदल्या रात्री घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी मेसेज ढकलला. विमानात हवेचा दाब कमी असतो, म्हणून शरीर फुगतं आणि पाय सुजतात. चिप्सचं पाकीट वर गेल्यावर कसं टम्म होतं बघा! खाली उपाय म्हणून तांब्याचं कडं. पाकिटाचा दाखला इतका चपखल होता की घरातल्या दोन्ही इंजिनियरांनी त्याला अंगठा दिला.

पाकीट फुगतं हे खरंच आहे. विमानाच्या आतली हवा सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर असते तेवढी विरळ असू शकते, त्यामुळे पाकिटात कोंडलेला वायू पसरतो. पण पावलात वायू नसतो, पाणी असतं, आणि दाब एवढासा उतरल्याने पाणी फुगत नाही. शिवाय फुगायचंच तर पायांनीच का, नाकाने काय घोडं मारलंय? माझ्याकडे याहून साधा पुरावा आहे. पुण्याहून नागपूरला मी वर्षातून तीन-चारदा रात्रीच्या बसने जातो, स्लीपर न मिळाल्यास बसून. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर, नागपूर ३१० मीटरवर. म्हणजे बस उतारालाच लागलेली असते आणि हवेचा दाब वाढत जातो. मेसेजच्या हिशेबाने नागपुरात माझे पाय बारीक होऊन उतरायला हवेत. प्रत्यक्षात बुटाची नाडी सैल करावी लागते. मोजा काढला की घोट्याच्या वर इलॅस्टिकची नक्षी उमटलेली असते, आणि नडगीवर अंगठा दाबून धरला की खळगा पडतो, तो चांगला वेळ घेऊन भरतो.

बस आणि विमान यांत समान काय, तर खुर्ची.

एक हात खाली लोंबता सोडून अर्धा मिनिट स्वस्थ बसा. हाताच्या पाठीवरच्या शिरा टपोऱ्या होतील. आता तोच हात डोक्याच्या वर न्या. शिरा दिसेनाशा होतात. शाळेत द्रवाच्या स्तंभाचा दाब शिकलो होतो, तोच हा. खुर्चीत बसलं की हृदयापासून घोट्यापर्यंत साधारण ८० सेंटीमीटरचा रक्ताचा स्तंभ उभा असतो. रक्ताची घनता १.०६, पाऱ्याची १३.६. ८० गुणिले १.०६ भागिले १३.६ केलं की सव्वासहा सेंटीमीटर, म्हणजे पाऱ्याचे ६२ मिलिमीटर (रक्तदाब याच मापात मोजतात). घोट्याजवळच्या शिरेत, जिथे आडवं झोपल्यावर दाब जेमतेम दहाच्या आसपास असतो, तिथे बसल्या बसल्या साठच्या वर जातो. निश्चल उभं राहिलं तर नव्वदच्या घरात.

मग दिवसभर फिरणाऱ्या माणसाचे पाय का सुजत नाहीत? कारण पोटरी. पायाच्या मोठ्या शिरा पोटरीच्या स्नायूंमध्ये खोल बसलेल्या असतात. पाऊल टाकलं की स्नायू आवळतात, शीर पिळली जाते, रक्त वर ढकललं जातं. ते परत खाली येऊ नये म्हणून शिरेत झडपा असतात. या झडपांचं सविस्तर वर्णन इटलीतल्या पादुआच्या फॅब्रिशियस या शरीररचनाशास्त्रज्ञाने १६०३ मध्ये केलं. त्याला वाटलं, रक्त हातापायांत धो धो जाऊन साचू नये म्हणून निसर्गाने हे बांध घातलेत. त्याच्याच हाताखाली शिकलेल्या विल्यम हार्वेने ओळखलं की हे बांध नव्हेत, एका बाजूने उघडणारी दारं आहेत, आणि रक्त हृदयाकडेच जाऊ शकतं. १६२८ मधल्या त्याच्या रक्ताभिसरणाच्या सिद्धांताचा हा एक खांब. गुरूने झडप पाहिली, शिष्याला कळली.

चालू लागलं की घोट्याजवळचा दाब वीस-तीसपर्यंत उतरतो. थांबलात की मागून येणाऱ्या रक्ताने शिरा पुन्हा भरतात आणि साधारण अर्ध्या मिनिटात स्तंभ पहिल्यासारखा उभा. हे अर्धं मिनिट लक्षात ठेवण्यासारखं आहे. दोन तासांनी एकदा उठून मधल्या वाटेत ऐटीत फेरी मारली, तर तिचा फायदा होतो, पण जागेवर येऊन बसलात की पंप बंद.

आता माझा लाडका भाग. जरा किचकट आहे, कंटाळा आला तर सरळ लंडनच्या खुर्च्यांवर उडी मारा.

सूज म्हणजे शिरांत साचलेलं रक्त नव्हे. केशवाहिनीच्या (सगळ्यात बारीक रक्तवाहिनीच्या) भिंतीतून, जी एकाच पेशीच्या जाडीची असते, पाणी सतत झिरपत असतं. १८९६ मध्ये अर्नेस्ट स्टार्लिंग या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने या झिरपण्याचा जमाखर्च मांडला (पुढे १९०५ मध्ये हॉर्मोन हा शब्द चालवला तोही हाच). पाण्याला बाहेर ढकलतो रक्ताचा दाब. आत धरून ठेवतात रक्तातली प्रथिनं, मुख्यतः अल्ब्युमिन. ती भिंतीतून सहसा बाहेर पडत नाहीत आणि मनुका जसा पाणी ओढून टपोरा होतो तशी पाण्याला आत ओढतात. ही ओढ पाऱ्याच्या २५ मिलिमीटरच्या आसपास. बसमधल्या घोट्यात ढकलणारे साठ आणि ओढणारे पंचवीस, म्हणजे सामना एकतर्फीच.

आमच्या वेळच्या पुस्तकात सुबक चित्र होतं. केशवाहिनीच्या धमनीकडच्या टोकाला पाणी बाहेर येतं, शिरेकडच्या टोकाला परत आत जातं. मी ते पाठ केलं, परीक्षेत काढलं, गुणही मिळवले. ते बऱ्याच अंशी चुकीचं निघालं. केशवाहिनीला आतून साखर आणि प्रथिनांची मऊ लव असते, तिला ग्लायकोकॅलिक्स म्हणतात. प्रथिनांची ओढ लागू पडते ती या लवेच्या दोन बाजूंमध्ये. लवेच्या लगेच खालचं पाणी जवळपास प्रथिनमुक्त असतं, कारण वरून झिरपणारी धार ते सतत धुऊन काढते. धार मंदावली की तिथे बाहेरची प्रथिनं पोचतात, ओढ कमी होते, आणि पाणी परत घ्यायची वेळ येताच घेण्याची ताकदच जाते. लेव्हिक आणि मिशेल या शरीरशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये हे सगळे पुरावे एकत्र मांडले. आतडं, मूत्रपिंड असे अपवाद सोडले तर झिरपलेलं पाणी केशवाहिनीत सतत परतत राहत नाही. त्याला घरी जायला एकच वाट उरते, ती लसीकावाहिन्यांची, म्हणजे असं जादा पाणी गोळा करून पुन्हा रक्तात सोडणाऱ्या बारीक नळ्यांची.

ही वाट बंद पडली की काय होतं ते विदर्भात नव्याने सांगायला नको. हत्तीरोगाचे जंत लसीकावाहिन्यांत मुक्काम करतात आणि पाय खांबासारखा होतो. प्रवासात तसं काही होत नाही, पण या वाहिन्यांनाही हृदयासारखा वेगळा मोठा पंप नाही. त्यांची स्वतःची थोडी आकुंचनं आणि बाकी आजूबाजूच्या स्नायूंचा दाब. म्हणजे पोटरी गप्प बसली की एका बाजूला झिरपणं वाढतं आणि दुसऱ्या बाजूला उपसा मंदावतो. नळ सोडलाय आणि मोरीत बोळा घातलाय, असा प्रकार.

शरीराने त्यावरही एक युक्ती केलेली आहे. पाय खाली लोंबला की पावलाकडे रक्त नेणाऱ्या बारीक धमन्या आपोआप आवळतात आणि पुरवठा कमी करतात. उकाड्यात मात्र त्वचेला उष्णता बाहेर टाकायची असते, म्हणून त्या सैल पडतात. मे महिन्यात एसी नसलेल्या गाडीतून केलेला प्रवास पायांना जास्त बाधतो तो यामुळे. रक्तदाबावरची अॅम्लोडिपीन ही गोळीसुद्धा धमन्याच सैल करते, शिरा नाही. ती घेणाऱ्या कित्येकांचे घोटे प्रवासाशिवायही सुजतात. म्हणून गोळी मनाने बंद करायची नाही, डॉक्टरांना सांगायचं.

तर लंडनच्या खुर्च्या. १९४० मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, तिथल्या बॉम्बवर्षावाच्या काळात लोक रात्र-रात्र आसरागृहांत आरामखुर्च्यांवर बसून काढत. कीथ सिम्पसन या न्यायवैद्यक डॉक्टरने त्याच वर्षी नोंदवलं की पायात धरलेली रक्ताची गुठळी फुप्फुसात जाऊन अडकून माणसं दगावताहेत. खुर्चीची कड मांडीखाली रुतलेली, पाय लोंबते, तासन्‌तास. त्या काळी विमानाने फिरणारे किती होते! विमानप्रवासातल्या अशा गुठळीला 'इकॉनॉमी क्लासचा आजार' हे नाव नंतरचं, आणि मला ते फसवं वाटतं. हा आजार खुर्चीचा आहे, तिकिटाचा नाही. घाबरायचं कारण मात्र कमी. चार तासांच्या वरच्या विमानप्रवासानंतर गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो, पण तरीही तो निरोगी माणसात सहा हजारांत एकाच्या आसपास राहतो. दोन्ही पाय सारखेच सुजले आणि रात्री झोपून उतरले तर ती आपली नेहमीची सूज. एकच पाय सुजला, पोटरी दुखते, गरम लागते, किंवा दम लागला, छातीत कळ आली, तर घरगुती उपाय न करता सरळ दवाखाना. नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, गरोदर बायका, कर्करोगाचे रुग्ण, आधी गुठळी झालेले यांनी निघण्यापूर्वीच विचारून घ्यावं.

तांब्याच्या कड्याला या सगळ्यात कुठे काम मिळतं ते मला सापडलं नाही. तळपायाला रात्री चिकटवायच्या आणि सकाळी काळ्या पडणाऱ्या 'विषशोषक' पट्ट्याही मी एकदा आणल्या होत्या. त्यातली एक पायाऐवजी वाफेवर धरली. तीही काळी झाली. वाफेत कसलं आलंय विष!

खरा उपयोग होतो तो पोटऱ्यांपर्यंतच्या आवळ मोज्यांचा, ज्यांना औषधाच्या दुकानात 'व्हेरिकोजचे मोजे' म्हणतात. घोट्याला सगळ्यात घट्ट आणि वर सैल होत जाणारे. बाहेरून दाब दिला की झिरपणं कमी होतं, आणि विमानप्रवाशांवरच्या चाचण्यांत त्यांनी सूज कमी झाल्याचं दिसलं आहे. ते सकाळी, पाय सुजायच्या आधी चढवायचे. पायांचा रक्तपुरवठा कमी असेल किंवा मधुमेहाने पाय बधिर असतील तर विचारल्याशिवाय नको. रेल्वेत बर्थवर पाय वर घेऊन बसणाऱ्या आज्याही शास्त्रशुद्धच वागतात. पावलं ४० सेंटीमीटर वर आली की पाऱ्याचे तीसेक मिलिमीटर वाचले. आणि उंची कमी असलेल्यांचे पाय खुर्चीवरून अधांतरी राहतात, त्यांनी हातातली पिशवी पायाखाली घ्यावी, म्हणजे खुर्चीची कड शिरांवर रुतत नाही.

पाणी भरपूर प्या असं सगळे सांगतात. त्याचा मोठा फायदा मला हाच वाटतो की उठावं लागतं. पण आपल्याकडच्या बायका बसप्रवासात पाणीच पीत नाहीत, कारण ढाब्यावरच्या संडासाची अवस्था त्यांना ठाऊक असते. मग बस थांबली तरी त्या उतरत नाहीत. पायांच्या सुजेवर एक स्वच्छ संडास दहा मोज्यांच्या बरोबरीचा ठरेल. सोबत चिवडा, लोणचं आणि वर मीठ लावलेले शेंगदाणे असतील तर तेही आवरावेत, मीठ पाण्याला धरून ठेवतं. हल्ली नुसत्या प्रवासासाठी लोक ओआरएस पितात. ते जुलाबासाठी आहे, त्याच्या लिटरभरात २.६ ग्रॅम मीठ असतं.

आत्याला हे सगळं सांगायला वेळ नव्हता. ती पंचवीस वर्षं पायाच्या मशीनवर ब्लाउज शिवत होती. म्हटलं, विमानात बसल्या बसल्या पायडल मार. टाच खाली, चवडा वर; चवडा खाली, टाच वर. दर पाच-दहा मिनिटांनी एखादी शिवण. तिने एकदा करून पाहिलं, पोटरीला हात लावला आणि मान हलवली.

दुसऱ्या दिवशी नेवार्कहून फोन आला. म्हणाली, चप्पल पायात सहज गेली. शेजारच्या गृहस्थाने तीनदा विचारलं, बाथरूमला जायचंय का.