तिबेटच्या रुळांखालचे दगड

चीनमधल्या गोलमुड शहरापासून तिबेटच्या ल्हासापर्यंतचा 1142 किलोमीटरचा रेल्वेमार्ग 2006 साली सुरू झाला. त्यातले सुमारे 550 किलोमीटर रूळ बारमाही गोठलेल्या जमिनीवर आहेत. गोठलेली असते तोवर ही जमीन खडकासारखी घट्ट, पण बऱ्याच ठिकाणी तिचे तापमान शून्याच्या जेमतेम एखादा अंश खाली असते. भरावातून उष्णता झिरपली की आतला बर्फ वितळतो, जमीन खचते आणि रूळ वाकतात.

त्यावरचा एक उपाय मला विलक्षण सुंदर वाटतो, कारण त्याला यंत्र लागत नाही की वीज. भरावात फोडलेल्या मोठ्या दगडांचा एक थर ठेवायचा आणि त्यांच्यातल्या फटी माती-मुरुमाने बुजवायच्या नाहीत. बाकीचे काम फटींतली हवा करते.

हिवाळ्यात थराच्या माथ्याची हवा गार, म्हणून जड; तळाची त्या मानाने उबदार, म्हणून हलकी. जड हवा खाली उतरेल असे आपण धरून चालतो, पण तसे होईलच असे नाही. अरुंद फटींत घर्षण तिला अडवते. शिवाय सरकलेली हवा शेजारच्या दगडांशी उष्णतेची देवघेव करून त्यांच्याच तापमानाला येते, मग तिला सरकायला कारणच उरत नाही. हे दोन अडथळे वरचढ ठरले तर हवेतली प्रत्येक लहानशी हालचाल विरून जाते. यालाच स्थिर अवस्था म्हणतात.

स्थिरता कुठे मोडते हे हॉर्टन आणि रॉजर्स यांनी 1945 मध्ये आणि लॅपवुड यांनी 1948 मध्ये गणिताने दाखवले. (या लॅपवुडांनी अनेक वर्षे चीनमध्येच गणित शिकवले होते.) तापमानातला फरक, थराची जाडी आणि फटींचा मोकळेपणा यांच्या गुणाकाराला ते दोन अडथळे भागतात आणि एक संख्या मिळते. वरून-खालून बंद असलेल्या आदर्श थरात ती 4π², म्हणजे साधारण 39.5 च्या खाली असेल तर हवा जागची हलत नाही. तो उंबरठा ओलांडला की थराच्या उंचीइतक्याच रुंदीची चक्रे फिरू लागतात. खऱ्या भरावात कडेने वाराही शिरतो, त्यामुळे हिशेब इतका सरळ राहत नाही. पण मूळ तत्त्व हेच.

हिवाळ्यात ही चक्रे जमिनीतली उष्णता उपसून बाहेर टाकतात. उन्हाळ्यात माथा गरम आणि तळ गार, म्हणजे हलकी हवा आधीच वर. फरक कितीही वाढला तरी चक्र सुरू होत नाही आणि थांबलेली हवा उष्णतेला आत येऊ देत नाही. वर्षाचा हिशेब थंडीच्या बाजूने झुकतो.

धोका वाळूचा आहे. फटींचा मोकळेपणा कणांच्या आकाराच्या वर्गाच्या (आकार गुणिले आकार) प्रमाणात बदलतो. दहा सेंटिमीटरच्या दगडांमधल्या जागा एक मिलिमीटरच्या वाळूने भरल्या, तर तो सुमारे 10,000 पटींनी घटतो, ती संख्या उंबरठ्याच्या खूप खाली जाते आणि हिवाळ्यातही हवा थिजून राहते. पठारावर वारा भरपूर आणि उडती वाळूही, म्हणून मार्गालगत काही ठिकाणी ती अडवण्यासाठी जमिनीवर दगडांचे चौकोन मांडले आहेत.